नवी डिफेंडर बघून तुम्हाला काय वाटलं? (अनुभव धागा)

परवा लेकाला क्लासला सोडायला निघालो होतो, बाणेरच्या सिग्नलला शेजारी लँड रोव्हरची पांढरी डिफेंडर ११० येऊन थांबली. लेक म्हणाला, बाबा तो खोका बघा. म्हटलं अरे खोका होती ती जुनी, हिचे कोपरे कुणीतरी पॉलिशपेपरनं घासून काढलेत. (किंमत मात्र वरच्या मॉडेलची ऑन रोड खोक्याच्या पुढे जाते, तेवढं नाव सार्थ.) सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या शोमधले फोटो बघून मीच "साबणाची वडी" म्हणून नावं ठेवली होती, आणि आता सिग्नल सुटला तरी मागून हॉर्न वाजेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो. आवडायला लागली की नुसती सवय झाली, तेच कळेना. तुमचं काय झालं ते लिहा. मालक असायची अट नाही, शोरूमच्या काचेला नाक लावून बघितली असेल तरी चालेल.

*

मी जुन्या पार्टीतला, आधीच सांगतो. दार्जिलिंगकडच्या मानेभंजनहून डोंगरावर सांदकफूला लँड रोव्हरनं गेलोय, ती तर डिफेंडर नाव पडायच्याही आधीची, सिरीज वन, पन्नासच्या दशकातली. ३१-३२ किलोमीटरचा रस्ता आणि वर ३,६३६ मीटर उंची. रस्ता म्हणजे काय, आपल्याकडे ओढ्यात असतात तसे गोटे. दार आतून दोरीनं बांधलेलं, सीटवर घोंगडी, आणि ड्रायव्हरदादा वळणावर एका झटक्यात गाडी फिरत नाही म्हणून शांतपणे थोडी मागे घेऊन परत पुढे काढायचे, मागे दरी. मी डोळे मिटले. वर पोचल्यावर त्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं, चहा प्यायला गेले. पत्र्यावर इतके ठोके होते की मूळ सपाट भाग शोधावा लागला असता. तो पत्रा अॅल्युमिनियमचा, कारण १९४८ मध्ये गाडी आली तेव्हा महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टीलची टंचाई होती. म्हणजे जे रूप आपण डोक्यावर घेतो ते कुणी कागदावर सजवून काढलेलंच नव्हतं, जे मिळालं त्यातून झालं. नवीचं तसं नाही. मागच्या काचेजवळ तो चौकोनी पॅनेल चिकटवलाय तो कशाला? बाहेरचं झाकायला? मला तिथेच खटकलं.

*

सांदकफूला +१. पण एक बाजू सांगतो, गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये पंधरा वर्षं काढलीत. जुनी डिफेंडर शेवटपर्यंत एअरबॅगशिवाय विकली गेली. पुढून सपाट भिंत, पायी चालणारा धडकला तर काय होईल विचार करा, त्यात प्रदूषणाचे नियम दरवर्षी कडक. तशीच ठेवली असती तर रस्त्यावर आलीच नसती. नवीत शिडीसारखी चेसी जाऊन अॅल्युमिनियमची मोनोकॉक (सांगाडा आणि बॉडी एकच) आली, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. मित्रमंडळी म्हणाली झालं, आता ही मॉलची गाडी. कंपनी म्हणते बॉडी-ऑन-फ्रेमपेक्षा (चेसीवर वेगळी बॉडी बसवलेल्या गाडीपेक्षा) तिप्पट ताठ, दावा त्यांचा आहे म्हणून अर्धा सोडून द्या, तरी युरो एनकॅपचे (युरोपातली गाड्यांची सुरक्षा चाचणी) २०२० चे पाच स्टार उरतातच. घासलेल्या कोपऱ्यांवर लोक चिडतात, त्यातले काही कोपरे माणसाच्या गुडघ्यासाठी घासलेत.

*

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहते. २९ जानेवारी २०१६ ला सॉलिहलला शेवटची जुनी डिफेंडर लाइनवरून उतरली त्या दिवशी ऑफिसात अक्षरशः सुतक होतं, मला नवीन नवीन कळेना कोण गेलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मेंढपाळ आजोबा आहेत, त्यांच्याकडे जुनी डिफेंडर नाइन्टी. उजवा हात कायम खिडकीबाहेर. मला वाटायचं काय ऐट आहे, मग एकदा त्यांनी बसवलं तेव्हा कळलं, आत कोपराला जागाच नाही हो, दार खांद्याला लागतं! नवी बघून ते म्हणाले छान आहे, पण हिच्यात मेंढी बसवायला मला कर्ज काढावं लागेल. त्यांनी शेवटी पिकअप घेतला. नवी बनते पण इंग्लंडात नाही, स्लोव्हाकियात नित्राला, हे तर त्यांना अजून पचलेलं नाही. कंपनीचे मालक टाटा, २००८ पासून, हे मात्र मीच त्यांना दर ख्रिसमसला आठवण करून देते :)

*

नाशिककर हजर. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात डिफेंडर ७३.९८ लाखांपासून आली आणि त्याच महिन्यात नवी थार, जी आमच्याकडेच बनते. तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन्ही भांडणं एकदम चालू होती आणि वाक्यं तीच तीच. "जीप राहिली नाही", "बायका पण चालवतील आता" (या वाक्यावर बायकोनं ग्रुप सोडला, बरोबर केलं). थारवाले वर्षभरात गप्प झाले. डिफेंडरवाल्यांचं दुःख जरा जास्त टिकलं कारण त्यांच्यातल्या निम्म्यांना घ्यायची नव्हतीच, मला धरून.

*

बाबांबरोबर शोरूमला गेले होते. पैसे माझे, पण सेल्सवाला पूर्ण वेळ बाबांशीच बोलत होता, तो विषय वेगळा. आई नऊवारीत नाही पण साडीत होती, आणि गाडी इतकी उंच की तिनं दारातच हात जोडले. मग त्यानं एअर सस्पेन्शन खाली घेतलं, पाच सेंटिमीटर बसते गाडी, आई म्हणाली उंट बसतो तशी बसली. आत डॅशबोर्डचा मॅग्नेशियमचा बीम उघडाच ठेवलाय, स्क्रू दिसतात. बाबांनी (गिरणीत फिटर होते) त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, हे झाकलं नाही ते बरं केलं. अख्ख्या गाडीत त्यांना तेवढंच आवडलं. मला सगळंच आवडलं. घेतली नाही, का ते खालच्या प्रतिसादात कुणीतरी सांगेलच.

*

मी सांगतो का ते. पार्किंग! स्पेअर चाकासकट पाच मीटरच्या वर लांब, जवळजवळ दोन मीटर रुंद. मागचं दार वर नाही, कडेला उघडतं, जुन्यासारखं. भावाच्या सोसायटीत गाडी भिंतीला लावली की दार उघडतच नाही, भाजी काढायची तर गाडी पुढे घ्या. दादरला गेला तर स्टॅक पार्किंगवाला लांबूनच हात हलवतो.

*

चिपळूण. कुणीतरी ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते याचं कौतुक सांगेल म्हणून वाट बघत होतो, कुणी सांगितलं नाही म्हणून मीच सांगतो. जुनीचं ५०० होतं, त्यामानाने मोठीच झेप, मान्य. पण २०२१ च्या जुलैत आमच्या घराचा तळमजला अख्खा पाण्यात होता. शेजाऱ्यांनी विचारलं तुझी कुठली गाडी वाचली, म्हटलं वरच्या आळीत मेहुण्याकडे लावलेली अल्टो.

*

@चिपळूण, अल्टोला मानाचा मुजरा. मॅन्युअल गिअरची नवी डिफेंडर का देत नाहीत यावर कुणी बोललं नाही अजून, का सगळे ऑटोमॅटिकला विकले गेले?