मदत हवी आहे: ईशज्ञानाच्या फादरांसाठी गौरव-पुस्तिका

मुंबईतल्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात) अनेक तुकड्यांना ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकवलेले आमचे फादर डिसेंबरात निवृत्त होताहेत. त्यांच्यामुळे आमची बायबल वाचायची रीतच बदलली. म्हणून विद्यार्थ्यांच्या लेखांची मराठी पुस्तिका काढायची आहे: 64 पानं, 60 प्रती, मजकुरात अधूनमधून हिब्रू-ग्रीक शब्द. पण आलेले बहुतेक लेख ‘दीपस्तंभ’, ‘प्रेरणास्थान’ यांपुढे जातच नाहीत. लेख कसे मागवावेत? छपाईचं काय?

वसईकर: ‘फादरांविषयी लिहा’ म्हटलंत की दीपस्तंभच येणार. प्रश्न नेमका विचारा: कोणता उतारा त्यांच्यामुळे वेगळा दिसला, आणि वर्गात त्यांनी काय दाखवलं? मर्यादा 250 शब्द. उदाहरणार्थ, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूकचं शुभवर्तमान 15:11-32) बाप बाहेर येऊन समजावतो, पण परतलेल्या धाकट्याच्या स्वागतावर रुसलेला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही, हे लूक सांगतच नाही. असं एखादं बोट ठेवलेलं ठिकाण आणि त्यावर झालेली चर्चा लिहून आली, की शिक्षकाची थोरवी आपोआप कळते. लिहायचा कंटाळा असलेल्यांना फोनवर बोलतं करा, उतरवून घ्या आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

संदर्भ तपासायला एकच माणूस नेमा. स्तोत्रांच्या क्रमांकात हमखास घोळ होतो. मेंढपाळाचं स्तोत्र हिब्रू क्रमाने 23वं, जुन्या लॅटिन क्रमाने 22वं. पुस्तिकाभर एकच क्रम आणि एकच मराठी भाषांतर ठेवा. जन्मभर वचनं काटेकोरपणे शिकवलेल्या माणसाच्या हातात चुकीचा आकडा पडू नये.

परळचा छापखाना: 60 प्रतींना ऑफसेट परवडत नाही, प्लेटांचा खर्च थोड्याच प्रतींवर पडतो. डिजिटल करा. आत 80 जीएसएम (कागदाचं वजन, म्हणजे जाडीचा अंदाज) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर कागद, कव्हर 300 जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. सेंटर पिनला (मधल्या घडीवर पिना मारून बांधणी) पानं 4च्या पटीत लागतात, तुमची 64 बसतात. 100 जीएसएम घेतलात तर पुस्तिका फुगते, मिटत नाही.

खरी गोम अक्षरजुळणीत आहे. डीटीपीवाला (संगणकावर पानं जुळवणारा) युनिकोड मजकूर, म्हणजे फोन-संगणकावर सगळीकडे चालणारा, जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेत असेल तर रफार सरकतात, ‘ऱ्य’ तुटतो आणि हिब्रूचे नुसते चौकोन होतात. शेवटपर्यंत युनिकोडच ठेवा. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय निवडलेला हवा, नाहीतर वेलांट्या चुकीच्या जागी बसतात आणि हिब्रू उलट्या क्रमाने येतं.

धागाकर्ता: दोघांचेही आभार! फोटो व्हॉट्सअॅपवर आलेत, चालतील?

परळचा छापखाना: नाही, त्यात फोटो दाबले जातात. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, छापायच्या मापाला 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) भरली पाहिजे. सगळ्या प्रती काढायच्या आधी एक प्रत छापून घ्या आणि त्यातले हिब्रू शब्द हिब्रू जाणणाऱ्याकडूनच तपासून घ्या. पडद्यावर बरोबर दिसलेलं कागदावर बिघडू शकतं.

वसईकर: शेवटची 4 पानं कोरी सोडा. नॅचरल शेडवर पेन नीट चालतं, समारंभात आलेल्यांना फादरांच्या प्रतीत हाताने लिहिता येईल.