शंभर फुटांवरून उडी, आणि त्यावर दीड तास भांडण

फासेवाला_वेंगुर्ला:
मंडळी सल्ला हवाय. आम्ही पाच जण पावसाळ्यात डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ) खेळतो, पाचवी एडिशन, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते म्हणून दोघांना तेव्हाच काय तो वेळ मिळतो. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा नि निवाडा देणारा, मी. गेल्या रविवारी आमच्या फायटरने (लढवय्याचं पात्र खेळणाऱ्याने) १०० फुटी कड्यावरून सरळ उडी टाकायचं ठरवलं, कारण खाली किनाऱ्यावर चाचे लूट उतरवत होते आणि ह्याने आधीच हिशोब मांडलेला, पडलं की दर १० फुटांना सहाच्या एका फाशाइतकं नुकसान, म्हणजे १० फासे, सरासरी ३५, माझे हिट पॉइंट (जिवाचे गुण) ७६, मी काय मरत नाही. मी म्हटलं अरे माणूस आहेस की फणस? तर म्हणे पुस्तकात आहे. मग बाकीचे तुटून पडले, हिट पॉइंट म्हणजे नक्की काय, रक्त की नशीब, दीड तास गेला. मधे लाइट गेली तरी मेणबत्तीत वाद चालू, आईने आणलेले घावणे गार. खेळ झाला वीस मिनिटं. डीएम म्हणून मी सरळ नाही म्हणू शकतो का?

तांडेल_लेव्हल_१:
म्हणू शकतोस. पण हिशोब त्याचाच बरोबर आहे. पडण्याचे फासे २० च्या वर जातच नाहीत, सरासरी ७०, म्हणजे तुझा हिरो ढगातून पडला तरी बहुतेक वेळा वाचतो 😄 हिट पॉइंट ही भानगड आर्नेसनने जहाजांच्या लढाईच्या खेळातून आणली, १९७४ साली गायगॅक्सबरोबर डी अँड डी काढला त्याच्या आधीची. जहाजाला ते शोभतं, चार भोकं पडली तरी चालतं नि बुडतं ते एकदम. माणसाला लावलं की असले फणस होतात.

संकासूर_फॅन:
रात्र थोडी नि सोंगा फार झाली रे तुमची! आमच्या दशावतारात बघ, संवाद लिहिलेले नसतात, सुरू व्हायच्या आधी मालक रंगपटात आख्यान सांगतो आणि बाकी सगळं नट उभ्या उभ्या रचतात, पहाटेपर्यंत माणसं हलत नाहीत. तिथे कोण पुस्तक उघडतो? चाच्यांकडे उडी मारली तर मारूंदे, पेटी-मृदुंग वाजव नि पुढे चल.

गप्प_बार्ड:
वरच्यांशी पटत नाही. एक तर दशावताराला नियम नाहीत असं नाहीये, राक्षस संकासूर कितीही हसवू दे शेवटी विष्णूच्या हातून मरतोच, तिथे कोणी फासे टाकत नाही. आणि दुसरं म्हणजे उभ्या उभ्या रचायला तोंड लागतं. मी पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा दोन सेशन एक शब्द फुटला नाही, समोर दोघे बोलके, डीएमला हसवून हवं ते पदरात पाडून घ्यायचे. शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, लिहिलेलं "परसुएजन (मन वळवणं) अधिक ७" एवढंच माझ्याकडे होतं, फासा टाकला १८ आला, आणि पहारेकऱ्याने मला दार उघडलं, त्यांना नाही. मजेसाठी नियम सोडा म्हणणारा बहुतेक वेळा बोलका असतो. तुमचा फायटर एरवी गप्प असतो का ते बघ.
बाकी वाद टेबलावर नको हे खरं. दोन मिनिटांत डीएम सांगेल ते, पुस्तक घावण्यांनंतर.

फासेवाला_वेंगुर्ला:
@गप्प_बार्ड अगदी नेम धरून मारलास, तो पाचात सगळ्यात कमी बोलणारा. काल उडी होऊ दिली. १० फासे, ४१ आले, ३५ उरले. मग मीच पुस्तक उघडलं, पडून लागलं तर माणूस प्रोन होतो, उताणा, हे त्या नियमवाल्याच्याच ध्यानात नव्हतं 😂 चार चाचे भोवती आणि जवळून मारणाऱ्या प्रत्येकाला ॲडव्हांटेज, म्हणजे वार लागायची शक्यता जास्त. बाकीचे तिघे वर कड्यावर दोरी शोधतायत. दोरी कोणाच्याच शीटवर नाही.