मदत हवी आहे: बाळाची कार सीट पुढे लावू का? पुढच्या एअरबॅगला बंद करायचा स्विच नाही

ओवीची आई (पुणे)

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट माहितीनेच आतापर्यंत घोळ झालाय.

मुलगी सात महिन्यांची, वजन ७ किलो ८०० ग्रॅम. गाडी २०२२ ची हॅचबॅक, पुढे दोन एअरबॅग. गेल्या महिन्यात ० ते १८ किलोची कार सीट घेतली. ती गाडीच्या बेल्टने बांधायची आहे, आयसोफिक्सची (गाडीतल्या कड्यांना थेट अडकवायची) नाही. दुकानातला मुलगा पार्किंगमध्ये येऊन स्वतः बसवून गेला, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, बाळाचं तोंड मागे. "मॅडम, एकट्याच चालवणार ना? मग पुढेच बरी, बाळ डोळ्यांसमोर राहतं." मलाही पटलं. आठ दिवस मी तिला तशीच घेऊन फिरले, कोथरूडहून डेक्कनला डॉक्टरांकडे आणि दोनदा बहिणीकडे.

परवा ऊन येत होतं म्हणून तिच्या बाजूचं सन व्हायजर खाली ओढलं. त्यावर चित्र आहे: पाठमोरी बाळाची सीट, समोर फुगलेली एअरबॅग आणि सगळ्यावर लाल काट. गाडी घेतल्यापासून ते स्टिकर तिथेच आहे आणि मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पोटात गोळा आला. गाडी बाजूला घेतली, ओवीला उचललं आणि रिक्षाने घरी आले. गाडी नंतर भाऊजींनी आणली.

आता अडचण अशी. रविवारी मला कराडला जायचंय, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. नवरा नोकरीला चेन्नईत, त्याला रजा नाही. म्हणजे १६० किलोमीटर मी आणि ओवी दोघीच. काल सीट मागे ठेवून चांदणी चौकापर्यंत जाऊन पाहिलं. ती सारखी रडत होती, मी दोनदा मान वळवून मागे पाहिलं आणि दुसऱ्यांदा पुढच्या टेम्पोने ब्रेक मारला. थोडक्यात वाचलो.

एअरबॅग बंद करायचा स्विच माझ्या गाडीत नाही. ग्लोव्ह बॉक्समध्ये आणि डॅशबोर्डच्या कडेला शोधला, मॅन्युअलमध्येही उल्लेख नाही. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून तिथेच बाळ ठेवलं तर चालेल का? आणि मागेच ठेवायची तर नक्की कुठे? मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे.

कराडकर_१४

ताई, आधी महत्त्वाचं. पुढे नको. सीट मागे सरकवूनही नको. मी १४ वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आहे, फुटलेल्या एअरबॅग हाताने काढल्यात, म्हणून इतक्या ठामपणे लिहितोय.

एअरबॅग फुगते ती साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात, पापणी लवायच्या आत. मोठा माणूस मागे टेकून बसलेला असतो, तो पुढे येईपर्यंत ती पूर्ण फुगून आता मऊ पडायच्या बेतात असते. पाठमोऱ्या सीटची पाठ डॅशबोर्डपासून वीतभर लांब, आणि बाळाचं डोकं त्या पाठीला लागून. म्हणजे एअरबॅग फुगत असताना, तिचा जोर सगळ्यात जास्त असताना, थेट त्या पाठीवर आदळते. अमेरिकेत १९९० च्या दशकात अशी तान्ही बाळं दगावली, आणि त्यातले काही अपघात इतके किरकोळ होते की गाडीतली मोठी माणसं चालत बाहेर आली. व्हायजरवरचं ते स्टिकर त्यातूनच आलंय.

पुढची सीट मागे सरकवायचा सल्ला असतो तो मोठ्या, पुढे तोंड करून बसणाऱ्या मुलांसाठी, तेही मागे जागाच नसेल तेव्हा. पाठमोऱ्या बाळाला तो लागू नाही.

मधली जागा विसरा. तुमच्या सीटला तीन ठिकाणी धरणारा बेल्ट लागतो, नुसत्या कमरेच्या पट्ट्याने ती बांधता येणार नाही. मागे डावीकडे लावा. आपल्याकडे ती फुटपाथची बाजू, बाळाला काढताना रहदारीत उभं राहावं लागत नाही. शिवाय तुम्ही एकट्या जाताय, म्हणजे पुढची डावी सीट रिकामी. ती हवी तेवढी पुढे सरकवा, हॅचबॅकमध्ये पाठमोऱ्या सीटला जागा लागते ती अशी मिळते. तिथे कोणी बसणार असेल तर मात्र इतकी पुढे घेऊ नका. बसणाऱ्याची छाती डॅशबोर्डपासून २५ सेंटिमीटर तरी लांब हवी, नाहीतर त्याच एअरबॅगचा धोका त्या माणसाला.

सागर_एम

आमच्याकडे एकाने गॅरेजवाल्याला सांगून पॅसेंजर एअरबॅगची वायर काढून घेतली होती. दहा मिनिटांचं काम. बाळ मोठं झालं की परत जोडायची. तसं करता येईल का?

कराडकर_१४

सागर, कृपया हे कुणालाही सुचवू नका. एअरबॅगच्या वायरी आणि कनेक्टर पिवळे असतात ते हात लावू नका हे कळावं म्हणूनच. कनेक्टर काढला की मीटरमधला एअरबॅगचा दिवा पेटतो, म्हणजे यंत्रणेत दोष आहे असं गाडीच सांगतेय. त्या अवस्थेत ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर वेळेला चालेल, हे कुठला गॅरेजवाला लिहून देईल? बाळाला वाचवायला जाऊन आईची सुरक्षा काढून घेतल्यासारखं होतं.

कंपनीनेच दिलेला, किल्लीने फिरवायचा स्विच असेल तर गोष्ट वेगळी. तो बंद केल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅग बंद असल्याचा दिवा दिसतो, तो पाहूनच सीट ठेवायची. आणि मोठं माणूस पुढे बसलं की आठवणीने परत चालू करायचा. हे विसरणं फार सोपं असतं, म्हणून स्विच असला तरी मी मागचीच जागा सांगेन. भारतातल्या गाड्यांच्या क्रॅश चाचण्यांत ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने हा स्विच नसल्याबद्दल अनेकदा बोट ठेवलंय. २०२१ पासून पुढच्या प्रवाशाची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली ही चांगलीच गोष्ट, पण तिच्यासोबत बाळाच्या सीटची माहिती घरोघरी पोचली नाही.

लीड्सची मावशी

आमच्याकडे ब्रिटनमध्ये चालू एअरबॅगसमोर पाठमोरी सीट लावणं कायद्यानेच बंद आहे, आणि १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची यातलं जे आधी होईल तोवर मुलाला त्याची सीट लागते. माझी दोन्ही मुलं अशीच वाढली. ओवीची आई, तू स्टिकर पाहिल्या क्षणी गाडी थांबवलीस, हे फार बरं केलंस. आठ दिवसांचं मनाला लावून घेऊ नकोस.

मला शंका वेगळीच येतेय. ज्याने सीट चुकीच्या जागी लावली, त्याने बेल्ट तरी बरोबर ओवला असेल का? तुझी सीट ० ते १८ किलोची, म्हणजे आधी पाठमोरी आणि नंतर पुढे तोंड करून, दोन्ही प्रकारे वापरायची. अशा सीटवर बेल्टचे दोन मार्ग असतात. निळ्या खुणा पाठमोऱ्यासाठी, लाल खुणा पुढे तोंड असताना. बघून सांग.

ओवीची आई (पुणे)

मावशी, आत्ताच खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात पाहिलं. दुकानातून बसवून दिल्यानंतर काढलेला फोटो होता, त्याच्याशी ताडून पाहिलं. बेल्ट लाल खुणांमधून गेलाय. सीट पाठमोरी आणि बेल्ट लाल मार्गाने. खांद्याचे पट्टेही सगळ्यात वरच्या खाचेत, ओवीच्या कानांपर्यंत येतात. पैसे देऊन, विश्वासाने लावून घेतली होती. रडू आलं.

आता निळ्या मार्गाने मागे लावतेय, पण हलवली की डुगडुगते. किती घट्ट हवी? आणि बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर वाकडं होऊन बसतंय, ते चालतं का?

लीड्सची मावशी

बकल कडेवर वाकलेलं चालत नाही. ताण आला की ते तिथे मोडू किंवा उघडू शकतं. सीट थोडी इकडेतिकडे सरकवून बघ, नाहीतर मागच्या उजव्या बाजूला लावून बघ. एकाच गाडीत दोन बाजूंच्या बकलांची उंची वेगळी असू शकते.

घट्टपणाचं असं. एक गुडघा सीटमध्ये रोवून सगळं वजन खाली दे आणि दुसऱ्या हाताने बेल्टचा खांद्याकडचा भाग ओढ, मग कमरेकडची ढील त्यातून निघते. हे दोन-तीनदा कर. बेल्टला कुठे पीळ नको. मग बेल्ट जिथून जातो त्या जागी धरून सीट हलव. एका इंचापेक्षा कमी हलली तर ठीक. वरच्या टोकाला धरून हलवशील तर पाठमोरी सीट हलणारच, त्याने घाबरू नकोस.

खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघायला हवेत. पट्टे आवळल्यावर कॉलरबोनपाशी दोन बोटांच्या चिमटीत पट्टा धरून बघ. घडी चिमटीत आली तर अजून सैल आहे. दुपट्यात गुंडाळून कधीच बांधू नकोस, कापडाची जाडी अपघातात दबते आणि पट्टा सैल पडतो. थंडी वाटली तर आधी पट्टे बांध, दुपटं वरून घाल. मॅन्युअलमध्ये कलाची खूण दिलेली असेल, सीट तेवढीच मागे झुकलेली हवी. फार उभी राहिली तर झोपेत बाळाची हनुवटी छातीवर पडते आणि श्वासाला अडथळा होतो.

अण्णा_सांगलीकर

मी ६७ वर्षांचा आहे. नातीला घेऊन नेहमी पुढेच बसतो, मांडीवर. बेल्ट दोघांना मिळून लावतो. हा धागा वाचून काळजी वाटू लागली म्हणून विचारतो, माझ्या हातात ती सुरक्षित नाही का? नात चार वर्षांची आहे, वजन १६ किलो.

कराडकर_१४

अण्णा, प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी धडकून थांबते तेव्हा आतल्या माणसाला स्वतःच्या वजनाच्या वीस-पंचवीस पट ओढ लागते. १६ किलोची नात त्या क्षणी तीन-चारशे किलोची होते. पैलवानाच्या हातातूनही ती सुटेल. आणि एकच बेल्ट दोघांवर असेल तर तुमचं वजन मागून तिला त्या बेल्टवर दाबतं, समोरून एअरबॅग येते.

तिला मागे बसवा. त्या वजनाला हार्नेसची (स्वतःचे पट्टे असलेली) सीट किंवा पाठ असलेला बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक लागेल. बेल्ट मानेवरून न जाता खांद्यावरून आणि पोटावरून न जाता मांड्यांच्या मुळाशी बसायला हवा. बूस्टर नेमकं हेच काम करतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १९४ब आलं, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बाळाच्या सीटविना नेलं तर १,००० रुपये दंड. दंडाची रक्कम सोडून द्या, पण कायदाही तेच सांगतोय.

अण्णा_सांगलीकर

समजलं. उद्याच मुलाशी बोलतो. आभारी आहे.

सागर_एम

वायरीचं मी उगाच सुचवलं. माझ्या मित्रालाही हा धागा पाठवलाय. रडण्याचं काय करायचं ते कोणी सांगेल का? माझाही मुलगा मागे ठेवला की आकांत करतो.

लीड्सची मावशी

रडणारं बाळ नीट बांधलेलं असेल तर सुरक्षित असतं, हे आईने चालवताना स्वतःला सांगत राहावं लागतं. मला ते फार जड गेलं होतं. मागच्या हेडरेस्टला बांधायचा छोटा आरसा मिळतो, तो हलका आणि घट्ट बांधलेला असावा. पण त्यातही सारखं बघायचं नाही, सिग्नलला थांबल्यावरच. आमच्याकडे उपयोग झाला तो सवयीचा: आठवडाभर रोज घरातच, खाली जमिनीवर सीट ठेवून दहा मिनिटं त्यात बसवलं, समोर आम्ही.

कराडकर_१४

रस्ता माझ्या पायाखालचा आहे म्हणून सांगतो. एका दमात कराड गाठायचा विचार करू नका. सकाळी तिच्या झोपेच्या वेळेला निघा. खेड शिवापूरचा टोल झाला की पुढे हॉटेलं आहेत, शिरवळला आहेत, खंबाटकीचा घाट उतरल्यावर आहेत. रडली की पुढच्या हॉटेलच्या आवारात आत घ्या, हायवेच्या कडेला उभी करू नका. तिथे तिला सीटमधून काढा, पाजा, फिरवा. चालत्या गाडीत अंगावर घेणं नको, कोणी सोबत असलं तरी. आणि गाडी उन्हात उभी असेल तर बसवायच्या आधी हार्नेसच्या बकलला हात लावून बघा. आपल्याकडच्या उन्हात ते धातूचं जीभेसारखं टोक चटका देतं.

ओवीची आई (पुणे)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आज झालं ते सांगते.

डाव्या बाजूला बकल कडेवरच येत होतं, उजवीकडे नीट बसलं. माझ्याच पाठीमागे आहे, म्हणून माझी सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागली. स्टिअरिंगपासून छाती २५ सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब राहतेय ना, ते टेपने मोजलं. राहतेय. गुडघा रोवून बेल्ट ओढला, तिसऱ्यांदा सीट हलायची थांबली. खांद्याचे पट्टे दोन खाचा खाली आणले. चिमटीत आता घडी येत नाही. उतरवताना रस्त्याच्या बाजूला उभं राहावं लागेल, म्हणून पार्किंगच्या आत जाऊनच तिला काढायचं ठरवलंय.

दुकानात जाऊन त्या मुलाला व्हायजरचा फोटो दाखवला. तो गप्प झाला, मग म्हणाला, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, महिन्यात आठ-दहा तरी बसवतो. मालकाशीही बोलले. निळ्या-लाल खुणांचा कागद काउंटरला लावतो म्हणालेत. शनिवारी परत जाऊन बघणार आहे.

आणि आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, ऑपरेशन सोमवारी आहे, रविवारी बाबांजवळ काका थांबतील. ती शनिवारी एसटीने पुण्याला येतेय, रविवारी मागे ओवीशेजारी बसायला, स्वतःचा बेल्ट लावून.