घरचा पाव, नानखटाई आणि भानोलं: ५ हजारांत कोणता ओव्हन घेऊ?

अबोली_नाशिक
नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं कुकरमध्ये मीठ पसरून, रिंग-शिट्टी काढून केक करतेय. चांगला होतो, पण वरून रंग येत नाही आणि पाव तर जमतच नाही. आता ओव्हन घ्यायचा आहे. बजेट ५ हजार, त्यात भांडीही आली. घर भाड्याचं, ओट्याच्या कोपऱ्यात २ फूट जागा आहे आणि तिथला प्लग साधा ६ अँपिअरचा. मोठा प्लग फक्त गिझरला आहे.
करायचं काय? आम्हा चौघांना पुरेल इतका पाव एक दिवसाआड, रविवारी नानखटाई, आणि आजी करायची तसं कोबी-कोलंबीचं भानोलं (बेसनात कालवून भाजलेलं तिखट). लेक साडेबाराला शाळेतून येते. तिला दारातच ताज्या पावाचा वास यावा अशी माझी फार इच्छा आहे.
ओटीजी (नुसत्या कॉइलवर तापणारा ओव्हन-टोस्टर-ग्रिल) की कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह (ज्यात भाजणंही होतं तो)? किती लिटर?

सोनटक्का
डोळे झाकून ४० लिटर ओटीजी घ्या. मी साडेनऊ हजारांना घेतला, कोंबडी फिरवायचा दांडासुद्धा आला सोबत. एका वेळी दीड किलोचा केक होतो. सोसायटीतले सगळे वाढदिवस माझ्याकडेच असतात. लहान घेतलात तर वर्षभरात बदलावा लागेल.

खमंगकाकू
मी कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह सुचवेन. ११ वर्षं वापरतेय. दूध तापवा, पापड भाजा, केक करा, सगळं एकात. १२ हजारांच्या आसपास मिळेल. सणाला सवलत असते, थोडं थांबा.

अबोली_नाशिक
काकू, सोनटक्का, आभार. पण बजेट ५ हजारच आहे हो, खरंच वाढवता येणार नाही.

वायरमन_सांगली
ताई, आधी प्लगचं बघा. लिटर नंतर. वॅटला २३० ने भागलं की अँपिअर येतात. १२०० वॅटचा ओव्हन सव्वापाच अँपिअर ओढतो, तो तुमच्या प्लगवर चालेल. १६०० वॅट म्हणजे सात अँपिअर, २००० वॅट म्हणजे पावणेनऊ. ते ६ च्या प्लगवर लावले तर प्लग तापतो, वास येतो, आतली पत्ती सैल होते. मोठ्या पिनला बारीक पिन जोडणारा अडॅप्टर मिळतो बाजारात, तो कृपा करून वापरू नका. जळालेले अडॅप्टर मी दर महिन्याला काढतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हलाही मोठाच प्लग लागतो.
घरमालकाला विचारून १६ अँपिअरची वेगळी लाइन ओढून घेता आली तर उत्तम. आणि १२०० वॅटचा घेतलात तरी त्याच प्लगवर मिक्सर लावायचा नाही.

चिंचगूळ
विजेच्या बिलाचाही विचार करा. आमच्या जावेकडे ओव्हन आला आणि बिल दुप्पट झालं.

वायरमन_सांगली
दुप्पट ओव्हनने होणार नाही. १२०० वॅटचा ओव्हन सलग ४० मिनिटं पेटता राहिला तरी पाऊण युनिटाच्या थोडं वर. त्यात ठरलेलं तापमान आलं की कॉइल बंद-चालू होत राहते, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून कमी. जावेकडे गिझर किंवा एसी बघा.

चिंचगूळ
एसी नाहीये त्यांच्याकडे. मी बिल स्वतः पाहिलंय.

कुडाळकर
ओव्हन कशाला हवा? आमच्याकडे आई अजून तवसाळी करते. पिकलेलं मोठं तवसं (काकडी) किसायचं, तांदळाचा भाजलेला रवा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. जाड बुडाच्या टोपात ओतायचं, खाली मंद निखारे आणि झाकणावरही निखारे. बाजू खरपूस, आत लुसलुशीत. वर-खाली विस्तव म्हणजेच ओव्हन. आमच्या आज्यांना हे पूर्वीपासून येत होतं.

रेवदंडा
आम्ही त्याला धोंडस म्हणतो. बाकी अगदी हेच.

कुडाळकर
धोंडसात दूध घालतात ना? आम्ही काकडीच्या पाण्यातच शिजवतो.

रेवदंडा
आमच्याकडे नारळाचं दूध घालतात. पाण्यातलं मी कधी खाल्लेलं नाही.

पणजीची_माई
वर-खाली विस्तवाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. बेबिंकला (आमची थराथरांची गोड मिठाई) वरचीच आच लागते. एक थर ओतायचा, वरून भाजला की तूप लावून दुसरा. पूर्वी झाकणावर नारळाच्या करवंट्यांचे निखारे ठेवत. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकला जीआय मानांकन (हा पदार्थ त्या प्रदेशाचाच, अशी सरकारी नोंद) मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला. ओव्हन घेताना वरची आणि खालची कॉइल वेगवेगळी चालू करता येते ना, ते दुकानात स्वतः बटण फिरवून बघा. भानोल्याला शेवटची पाच मिनिटं वरची कॉइल लावली की आजीच्या हातचा रंग येईल.

एडिसन_न्यूजर्सी
आमच्याकडे भाड्याच्या घरातही गॅसच्या खाली मोठा ओव्हन असतोच, त्यामुळे तो प्रश्न कधी आला नाही. मी म्हणेन, पीठ मळायला स्टँड मिक्सर घ्या. मी घेतल्यापासून दर शनिवारी पाव होतो. आणि इथल्या पाककृती बघून करणार असाल तर ३५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १७७ सेल्सियस.

सोनटक्का
स्टँड मिक्सर माझ्याकडेही आहे. ४० लिटरबरोबर छान जोडी जमते.

बेकरीची_लेक
मिरजेजवळ आमची बेकरी होती, वडील ३० वर्षं भट्टीसमोर उभे राहिले. मे महिन्यात आणि दिवाळीआधी बायका रवा, मैदा, पिठीसाखर, तुपाचा डबा घेऊन यायच्या आणि बिस्किटं भाजून पत्र्याच्या डब्यांत घेऊन जायच्या. आपलं तूप दुसरीच्या घाण्यात जाऊ नये म्हणून तिथेच बसून राहायच्या. तो वास अजून माझ्या नाकात आहे. म्हणून अबोली, तुमचं साडेबाराचं वाक्य वाचून लगेच लिहायला बसले.
आता कामाचं. पैसे लिटरवर घालवू नका. लहान ओटीजी घ्या आणि उरलेल्यातून दोन वस्तू: ग्रॅमचा वजनकाटा आणि ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर. स्वस्त ओव्हनच्या बटणावर १८० लिहिलेलं असतं, आत १५० ही असतं आणि २१० ही. कितीतरी बायका 'माझा हात बिघडला' म्हणून सोडून देतात, हात काही बिघडलेला नसतो.
पावाचं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३१० ते ३२०, मीठ ९, साखर २०, इन्स्टंट यीस्ट ५, तेल किंवा लोणी २५. हाताने १२ मिनिटं मळा. थोडं पीठ दोन बोटांत ताणल्यावर फाटायच्या आधी पापुद्र्यासारखं झिरझिरीत दिसलं की झालं. स्टँड मिक्सर नको. पावसाळ्यात पीठ लवकर फुगतं, थंडीत नाशिकला दोन तासही लागतील. घड्याळ बघू नका, दुप्पट झालं का ते बघा. ओव्हन आधी १५ मिनिटं तापवा. २०० वर २० ते २५ मिनिटं. बाहेर काढून लगेच वरून लोणी लावा म्हणजे कवच मऊ राहतं. कणीक वापरलीत तर पाणी जास्त लागेल, आणि मळण्याआधी अर्धा तास भिजवून ठेवा.
फक्त २५ लिटरच्या खाली जाऊ नका. १६ मध्ये कॉइल भांड्याच्या फार जवळ येते.

दादरकर
मुंबईत आता लाकडी भट्टीचा पाव मिळणं संपत आलं. २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलायला सांगितलं. हवा स्वच्छ व्हायला हवी हे मान्य, पण कडक पावाची ती चव विजेच्या भट्टीत येणार नाही.

बेकरीची_लेक
वडिलांना धुरानेच दम्याचा त्रास झाला. चवीचं दुःख मलाही आहे, पण त्या धुरात मी कुणालाही परत उभं करणार नाही.

उन्हाळी_कैरी
माझा अनुभव वाईट आहे. घेऊन आठ महिने झाले होते. केक काढल्यावर दारावर पीठ सांडलेलं दिसलं म्हणून ओल्या फडक्याने पुसलं आणि काच तडकून खाली आली. सर्व्हिस सेंटरचा माणूस दोन महिने आला नाही, शेवटी वॉरंटीत काच येत नाही म्हणाला. नाव लिहीत नाही. पण अबोली, काच पूर्ण गार झाल्याशिवाय पाण्याचा हात लावू नका. लहान मूल घरात आहे म्हणून मुद्दाम सांगतेय.

खमंगकाकू
म्हणूनच मायक्रोवेव्ह बरा, बाहेरून इतका तापत नाही.

मोगरा१९
मी २८ लिटर म्हणेन. मॉर्फी रिचर्ड्स कंपनीचा आहे माझ्याकडे, दहा वर्षं तक्रार नाही. आणि थर्मामीटर घ्याच, बेकरीची लेक यांनी सांगितलंय ते बरोबर आहे.

अबोली_नाशिक
सगळ्यांचे आभार. घरमालकांना विचारलं, ते नवीन लाइन ओढू देत नाहीत. २८ लिटरचे जे पाहिले ते सगळे १४०० वॅटच्या वरचे. शिवाय दुकानदार म्हणाला, दोन्ही बाजूंना चार-चार इंच मोकळी जागा लागते. माझ्या २ फुटांत मग राहिले १६ इंच. विचार करते.

अबोली_नाशिक (तीन आठवड्यांनी)
घेतला! १६ लिटर, १२०० वॅट, ३७०० रुपये. इतक्या जणांनी २५ च्या खाली जाऊ नका म्हटलं होतं, तरी घेतला. प्लग आणि जागा दोन्हींत हाच बसत होता. वजनकाटा आणि थर्मामीटर मिळून ८०० झाले, ७ इंची चौकोनी डबा अडीचशेला. २५० रुपये उरले, त्यांचं यीस्ट आणि लोणी आणलं.
थर्मामीटर लावला तर बटण १८० वर आणि आत २०५! आता मी १६० वर ठेवते.
पहिली नानखटाई खालून करपली. दुसऱ्या घाण्याला दोन ट्रे एकावर एक ठेवले आणि जाळी मधल्या खाचेत घेतली, मग खालून छान बदामी रंग आला. एका वेळी नऊच बसतात, पण आम्हा चौघांना नऊ पुरतात.
पाव मात्र तिसऱ्या खेपेला जमला. ३०० ग्रॅम मैद्यात त्या डब्यात नऊ लादीपाव होतात. वरचा रंग १२ व्या मिनिटालाच आला, तेव्हा वरून ॲल्युमिनियमची फॉइल सैलसर झाकली, कॉइलला लागणार नाही अशी. फोडल्यावर आत जाळी पडली होती आणि पदर सुटत होते. गुरुवारी लेकीने जिन्यातूनच ओरडून विचारलं, 'आई, आपल्याकडेच आहे का हा वास?' दप्तर न काढता दोन पाव लोण्याशी खाल्ले तिने.

बेकरीची_लेक
नऊ लादी एकमेकींना चिकटून फुगल्या ना? मग जमलं. फॉइलचं बरोबर केलंत. १६ चं मी मागे घेते. फक्त डबा एकदम मागे सरकवू नका, आणि दहाव्या मिनिटाला फिरवून ठेवत जा, लहान ओव्हनमध्ये मागची बाजू आधी भाजते.

वायरमन_सांगली
छान. पाव भाजताना प्लगवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, गरम झाला तर मला लिहा.

सोनटक्का
अभिनंदन. पण वाढदिवसाला एक किलोचा केक कसा करणार? ४० हवा होता.

रेवदंडा
भानोलं झालं का?

अबोली_नाशिक
रविवारी आहे. पाव किलो कोबी, वाटीभर कोलंबी, पाऊण वाटी बेसन, अर्धी वाटी ओलं खोबरं, मिरची-आलं-लसूण, आणि तेल जरा सढळ. आजी पातेल्यात निखाऱ्यांवर करायची, तिने वेळ कधी मोजली नाही. मी १८० वर ३० मिनिटं धरलीत, शेवटी पाच मिनिटं वरची कॉइल. माई, एवढ्यात होईल ना?

पणजीची_माई
कोबीला पाणी सुटतं, ४० धर. मीठ अगदी शेवटी, डब्यात ओतायच्या आधी घाल.