‘यूएक्स डिझाइन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
द्राक्ष बागायतदारांसाठी एक ॲप तयार होतंय, त्याची मराठी माहिती लिहितो आहे. ‘यूएक्स डिझाइन’साठी (यूजर एक्सपीरियन्स डिझाइन, म्हणजे वापरणाऱ्याला चांगला अनुभव यावा म्हणून ॲपची केलेली रचना) ‘उपयोगकर्ता अनुभव अभिकल्प’ असं सुचवलं गेलंय. ते हिंदीतून उचललेलं वाटतं. नुसतं ‘वापरसुलभता’ चालेल का?

उत्तर (नाशिकरोड)
‘उपयोगकर्ता’ हिंदीच. आपल्याकडे ‘वापरकर्ता’ रुळलाय, तोच ठेवा. ‘वापरसुलभता’ मात्र इथे तोकडा पडतो. तो यूजेबिलिटीला योग्य आहे: अर्ज भरताना अडायला होत नाही, चुकलं तर मागे येता येतं, एवढ्यापुरता. डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले आणि ‘यूजर एक्सपीरियन्स’ ही संज्ञा तिथे त्यांनी रूढ केली, ती नेमकी याच कारणासाठी. इंटरफेस, यूजेबिलिटी हे शब्द त्यांना अपुरे वाटत होते. वस्तूचं रूप, पडदा, हाताळणी, सोबतची माहितीपुस्तिका हे सगळं त्यांना एका नावाखाली हवं होतं. आयएसओ ९२४१-२१० या आंतरराष्ट्रीय मानकात तर वापरण्याआधी मनात असलेली अपेक्षाही अनुभवात धरली आहे.

आपला ‘अनुभव’ हे सगळं सहज पेलतो. अनुभव येतो आणि गाठीशी राहतो. पुढच्या वेळी ॲप उघडायचं की नाही, ते त्यावरच ठरतं. पण अनुभव दुसऱ्याला आखून देता येत नाही, त्यामुळे ‘अनुभव आरेखन’ कानाला खटकतं. मी ‘वापरानुभव’ सुचवेन आणि कामाला ‘वापरानुभव रचना’. मराठी शब्दाची संस्कृत शब्दाशी अशी संधी काहींना रुचणार नाही, पण शब्द आटोपशीर आहे. ‘दिनांक’, ‘क्रमांक’ हे आपल्या भगूरच्या सावरकरांच्या नावावर असलेले शब्द टिकले, त्यात आटोपशीरपणाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

उत्तर (दिंडोरी)
नाव काहीही ठेवा, आत काय विचारता ते बघा. मी वापरलेल्या एका शेती ॲपमध्ये पहिलाच रकाना होता ‘पेरणीचा दिनांक’, आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. द्राक्षाची पेरणी कुठे असते? बाग एकदा लावली की वर्षानुवर्षं उभी असते. आमचं सगळं गणित छाटणीपासून. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठी), आणि तिथून दिवस मोजायचे. दोन बागायतदार भेटले की पहिला प्रश्न, ‘कितवा दिवस चाललाय?’ फवारणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी सगळं त्या दिवसावर ठरतं. शिवाय एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटची छाटणी मागेपुढे असते, म्हणजे दिवस प्लॉटनिहाय हवेत. ॲप उघडल्याबरोबर ‘वरचा प्लॉट: ४२वा दिवस’ असं दिसलं, तर माणूस ते रोज उघडेल. तुमचा वापरानुभव म्हणतात तो हाच असावा.

उत्तर (गंगापूर रोड)
दिंडोरीकरांशी पूर्ण सहमत. बटणांवरची भाषाही याच कामात येते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बऱ्याच मराठी ॲपमध्ये हे दिसेल. प्रश्न: ‘नोंदणी रद्द करायची आहे का?’ खाली दोन बटणं: ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ दाबलं तर नोंदणी रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? इंग्रजी कॅन्सलचं यांत्रिक भाषांतर झालं की हा घोळ होतोच. तिथे ‘हो, नोंदणी रद्द करा’ आणि ‘नको, राहू द्या’ असं लिहावं. ‘राहू द्या’ आपण दुकानात, घरात दिवसभर म्हणतो. ते वाचून कुणी थबकत नाही. तसंच ‘प्रविष्ट करा’च्या जागी ‘भरा’ किंवा ‘लिहा’, आणि ‘प्रस्तुत करा’च्या जागी ‘पाठवा’.

‘सबमिट’ देवनागरीत ठेवलं तरी माझी हरकत नाही. अर्ज भरणाऱ्यांना ते ‘प्रस्तुत करा’पेक्षा लवकर कळतं.

प्रश्नकर्ता (इंदिरानगर)
‘वापरानुभव रचना’ घेतो. रकान्यात ‘छाटणीची तारीख’, प्लॉटनिहाय. ‘वायरफ्रेम’ला, म्हणजे पडद्यावर काय कुठे असेल त्याच्या साध्या रेखाटनाला, ‘कच्चा आराखडा’ म्हणू का?

उत्तर (नाशिकरोड)
म्हणा. माहितीत पहिल्यांदा ‘कच्चा आराखडा (वायरफ्रेम)’ असं लिहा, पुढे नुसता ‘आराखडा’ पुरेल.