बिटकॉइनला मालक नाही म्हणता, मग हे दोन पूल कोण?

शाहूपुरीकर
बिटकॉइनवर कुणाचीच सत्ता नाही, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी एकदा ब्लॉक एक्सप्लोरर (नवे ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीची नवी पानं, दाखवणारी वेबसाइट) उघडून शेवटचे दहा-बारा ब्लॉक बघावेत. प्रत्येकापुढं तो बनवणाऱ्या पूलचं, म्हणजे मशिनं जोडून एकत्र ब्लॉक काढणाऱ्या गटाचं, नाव असतं. फाउंड्री, अँटपूल, परत फाउंड्री... (आपल्या शिरोलीची नव्हे, अमेरिकेतली.) गेल्या काही वर्षांत हे दोघं मिळून बऱ्याचदा सगळ्या मशिनांच्या एकूण ताकदीच्या (हॅशपॉवरच्या) निम्म्याच्या वर गेलेत. आपल्याकडं साखर कारखान्याला सभासद हजारोंनी, पण ऊसतोड कुणाची आधी हे पॅनेल ठरवतं. इथं वेगळं काय आहे?

उद्यमनगरी
दादा, मशिनं पूलची नसतात, जगभरातल्या लोकांची असतात. जून २०१४ मध्ये जीहॅश डॉट आयओ हा पूल ५१ टक्क्यांना टेकला. बोंबाबोंब झाली, लोकांनी मशिनं दुसरीकडं वळवली, आणि पुढच्याच महिन्यात पूलनं ४० टक्क्यांच्या आत राहायचं कबूल केलं. सभासदाला असा बसल्या जागी ऊस दुसऱ्या कारखान्याला फिरवता येतो का?

आणि ५१ टक्के हातात आले तर नेमकं काय करता येतं? माझे कॉइन हलवायला माझीच गुप्त चावी लागते. जादा कॉइनही काढता येत नाहीत. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकमागं नवे ३.१२५ बिटकॉइन मिळतात, फी वेगळी. कुणी ४ घेतले तर माझ्या दुकानातला जुना पीसी तो ब्लॉक सरळ फेकून देतो, मागं ९० टक्के ताकद असली तरी. एक टीबीची डिस्क घातली आणि नोड (प्रत्येक ब्लॉक नियमात आहे का तपासणारा प्रोग्राम) चालू केला, झालं.

शाहूपुरीकर
चोरी नाही जमत, पण लबाडी जमते की. एक्स्चेंजवर कॉइन जमा करायचे, विकून दुसरं काहीतरी काढून न्यायचं, आणि मागनं गुपचूप बनवलेली ब्लॉकची लांब साखळी (लांब तीच खरी धरतात) पुढं करून ती जमाच पुसायची. इथेरियम क्लासिक या दुसऱ्या नाण्यावर जानेवारी २०१९ मध्ये हे झालं, ऑगस्ट २०२० मध्ये तर एकाच महिन्यात तीनदा.

हुपरीवाला
ती बारकी नाणी हो. त्यांच्यापुरती हॅशपॉवर भाड्यानं मिळते. बिटकॉइनएवढी भाड्यानं कोण देणार?

ताराबाई पार्क
तुम्ही सगळे मशिनंच मोजत बसलाय. २०१६ मध्ये इथेरियमवरच्या द डीएओ या सामायिक फंडातून सुमारे ३६ लाख इथर (तिथलं नाणं) पळवले गेले, आणि २० जुलैला हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळी वेगळी काढून, ते परत फिरवले. कोड हाच कायदा म्हणणाऱ्यांनीच! ज्यांना पटलं नाही ते जुन्या साखळीवर राहिले, तेच वर आलेलं इथेरियम क्लासिक. सप्टेंबर २०२२ पासून इथेरियमवर मशिनंही गेली, आता ज्याचं स्टेकिंग (तारण म्हणून अडकवलेले इथर) जास्त त्याचा शब्द जड.

शिवाय आपल्या गावात स्वतःची चावी किती जणांकडं आहे? कॉइन सगळे ॲपमध्ये. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले तेव्हा साखळी ठणठणीत होती, अडकले ते लोक.

उद्यमनगरी
ताई, एक्स्चेंजचं एकदम मान्य. पण बहुमताला नमवल्याचंही उदाहरण आहे. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या करारात मोठ्या कंपन्या आणि ८० टक्क्यांहून जास्त हॅशपॉवर एका बाजूला होती, बिटकॉइनचा ब्लॉक मोठा करायचाच म्हणून. नोड चालवणारे हटले नाहीत. नोव्हेंबरात बेत गुंडाळला.

शाहूपुरीकर
आणि सरकारनं दाबलं तर? ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेनं व्यवहारांचा माग लपवणाऱ्या टोर्नेडो कॅशवर निर्बंध घातले, मग इथेरियमचे कितीतरी ब्लॉक ते व्यवहार गाळूनच बनायला लागले. हुकूम एका देशाचा, पाळणारे जगभर. दोन पूलना नोटीस धाडायला किती वेळ लागतो?

उद्यमनगरी
गाळत होते, खरंय. तरी न गाळणारा कुणीतरी ब्लॉक काढायचाच, आणि ते व्यवहार उशिरानं का होईना, आत जायचे.

शाहूपुरीकर
तो "कुणीतरी" उरेल तोवर.