शब्दचर्चा : ‘निगेटिव्ह’ रक्तात नक्की काय नसतं?

देवगडहून प्रश्न : रक्तदान शिबिराचं पत्रक मराठीत करतेय. ‘आरएच निगेटिव्ह’ला ‘ऋण रक्तगट’ लिहू का? आणि अँटिजेनला काय म्हणतात? आमची आजी म्हणते, “तुझां रगत निगेटिव, म्हणजे रगतात कायतरी कमी आसा.”

रत्नागिरीहून उत्तर : ताई, ‘ऋण’ नको, आपल्याकडे लोकांना आधी कर्ज आठवतं. ‘निगेटिव्ह’च ठेवा. आजीला सांगा, कमी काही नाही, तांबड्या पेशीवर डी नावाचा प्रतिजन नाही, एवढंच. अँटिजेन म्हणजे प्रतिजन. यातला ‘जन’ लोकांतला नव्हे, जन्म देण्यातला : शरीराला प्रतिपिंड (परक्या प्रतिजनाला चिकटणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी) तयार करायला लावतो तो.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. पांढऱ्या टाइलवर रक्ताच्या थेंबात अँटी-डीचा (डीला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचा) बिनरंगी थेंब मिसळून टाइल हलवली, की बहुतेकांचं रक्त रव्यासारखं दाणेदार होतं, म्हणजे डी आहे, रक्त पॉझिटिव्ह. भारतात १०० दात्यांत सुमारे ९५ वेळा. झालं नाही, की मी पुन्हा तपासते.

पण आरएच म्हणजे फक्त डी नव्हे, त्या गटात सी, ई असे आणखी प्रतिजन आहेत. लॅबमध्ये आम्ही ‘बिग सी’ (C), ‘स्मॉल सी’ (c) म्हणतो. देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत, म्हणून नुसतं ‘सी’ लिहिणं धोक्याचं. ते दोन वेगळे प्रतिजन आहेत. आपल्याकडे मोठा सी दहातल्या आठ-नऊ जणांत, छोटा सी निम्म्याहून थोड्या जास्त लोकांत. युरोपीय वंशाच्या लोकांत मात्र छोटा सी ८० टक्क्यांच्या आसपास. छोटा ई जवळपास सगळ्यांत, मोठा ई पाचातल्या एखाद्यात. ‘छोटा डी’ असा प्रतिजनच नाही, तो फक्त डी नसल्याची खूण.

देवगडहून : मग ‘ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं’ हे लिहू ना?

रत्नागिरीहून : ‘तातडीच्या वेळी’ हे शब्द घालाच. निगेटिव्ह रक्तावर बहुधा छोटा सी असतो आणि आपल्यातल्या पुष्कळांत तो नसतो. थॅलेसेमियाच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलांना वारंवार रक्त लागतं. त्यांच्यात छोट्या सीविरुद्ध प्रतिपिंड तयार झाले, की जुळणारी पिशवी शोधताना जीव टांगणीला लागतो.

मालवणहून : आपला बॉम्बे रक्तगटही आरएचमधलाच का?

रत्नागिरीहून : नाही. त्यात एच नावाचा प्रतिजन नसतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी हा रक्तगट प्रथम नोंदवला. या गटाच्या लोकांना साधं ओ रक्तसुद्धा चालत नाही. पत्रकात ‘एच’ आणि ‘आरएच’ एका ओळीत आणू नका, वाचणारा हमखास गोंधळेल.